गंजाचं शास्त्र गोव्यात शिकवायला हवं

5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. तो वाहतुकीला खुला होऊन जेमतेम दीड दशक उलटलं होतं. त्या पिढीच्या माणसांना नंतरचे फेरीबोटीचे दिवस आणि बेतीच्या धक्क्यावरच्या रांगा अजून आठवतात. पूल का पडला हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. "बांधकाम निकृष्ट असेल" यापलीकडे उत्तर सहसा जात नाही. मुळाशी होता तो गंज. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी केबल खाऱ्या हवेत गंजल्या आणि तुटल्या.

हे गंजणं कसं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू 12 च्या वर. अशा पाण्यात पोलादाच्या अंगावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि तोच पोलादाला वर्षानुवर्षं सांभाळतो. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पावसाच्या पाण्यात विरघळून याच छिद्रांतून आत झिरपतं. क्लोराइडचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की तो थर एखाद्या बिंदूवर फाटतो आणि तिथे बारीक खड्डा पडायला लागतो. साध्या सळईवरचा गंज फुगतो. मूळ लोखंडापेक्षा त्याला दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट तडकतं, तांबूस ओघळ येतात, ढलपे निघतात. म्हणजे निदान इशारा तरी मिळतो. ताण दिलेल्या केबलचं तसं नाही. तिची प्रत्येक तार कायम जबर ओढीखाली असते. केबलच्या नळीत भरलेल्या सिमेंटच्या लगद्यात पोकळी राहिली आणि तिथे पाणी साचलं, की खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि एक दिवस तार तुटते. मग शेजारची. बाहेरून पूल धडधाकट दिसत असतो.

आता हा प्रश्न कोणत्या विषयाचा? सिव्हिलचा इंजिनिअर भार मोजतो, रसायनशास्त्राचा माणूस क्लोराइड मोजतो, भौतिकशास्त्राच्या माणसाला स्फटिकातल्या दोषांबद्दल सांगता येतं. पण तार कशी ओतली, कशी ओढली, त्यामुळे तिच्या आतले कण कसे रचले गेले, त्या रचनेमुळे ती किती ताण सोसते आणि मिठात ती किती काळ टिकते, ही साखळी सलग शिकवणारी विद्याशाखा एकच आहे. तिला आपण मटेरियल सायन्स म्हणतो. जुन्या मेटलर्जीतून, म्हणजे धातुशास्त्रातून, ती वाढली. आपल्या देशात बनारस हिंदू विद्यापीठात मेटलर्जीचं शिक्षण 1923 पासून आहे. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 1950 च्या दशकात मटेरियल सायन्स या नावाने स्वतंत्र विभाग काढला, आणि मग धातूंच्या जोडीला सिरॅमिक, प्लास्टिक, काच, सिलिकॉन हे सगळं एकाच छताखाली आलं.

माझं म्हणणं असं आहे की हा विषय गोव्यात, गोव्याच्या प्रश्नांना धरून शिकवला गेला पाहिजे, आणि लवकर. पण त्याआधी पालक विचारतात त्या "स्कोप"बद्दल.

मी पदवीच्या वर्गाला शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली होती. बी.एस्सी. फिजिक्समध्ये चांगले गुण, पुढे मटेरियल सायन्स करायचं तिच्या मनात. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा तो दारात उभा राहिला आणि पुढे विकावा लागला. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, हे शिकून तिला गोव्यात नोकरी मिळेल? की आणखी एक मूल बाहेर गेलं असं म्हणायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. ज्याच्या घरात एकदा एका धंद्याच्या भरवशावर कर्ज काढून झालेलं आहे, त्याला गोड उत्तर द्यायचं नसतं.

मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगतो. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात फार काही हाती लागत नाही. एम.एस्सी. किंवा एम.टेक. हवंच. बी.एस्सी. झालेल्याला जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाल्यावर गेट देता येते. तिच्यात मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर आहे, आणि इंजिनिअरिंग सायन्सच्या पेपरात मटेरियल सायन्सचा विभाग निवडता येतो. बारावीनंतरच मेटलर्जीची बी.टेक. करायची असेल तर सुरतकल, पुणे, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. कोकण रेल्वेने सुरतकल जवळचं, म्हणून गोव्याची मुलं तिकडे जातात. पहिला धड पगार हातात यायला वयाची तेविशी-चोविशी उजाडते. कंप्युटरची बी.ई. केलेला शेजारचा मुलगा तोवर दोन वर्षं कमावत असतो. हे घरच्यांनी आधीच पत्करलेलं बरं.

संशोधनाकडे वळायचं असेल तर वाट बरीच बरी आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी जेआरएफची शिष्यवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. हैदराबादला संरक्षण खात्याची धातूंची प्रयोगशाळा डीएमआरएल आणि पदार्थांवर संशोधन करणारं एआरसीआय हे केंद्र, जमशेदपूरला राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, अंबरनाथला नौदलाच्या पदार्थांवर काम करणारी एनएमआरएल, कल्पक्कमला इंदिरा गांधी केंद्र, मुंबईला भाभा केंद्र: या सगळ्यांना ही माणसं लागतात, आणि लागत राहतील. 2021 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिपच्या कारखान्यात चकतीवर थर चढवणं, तो कोरणं, त्यातले दोष शोधणं ही कामं मूळची मटेरियल सायन्सचीच. बॅटरीचंही तेच. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या तिघांच्या या कामाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: लिथियमला आत-बाहेर करू देईल आणि तरी ढासळणार नाही असा पदार्थ कोणता?

एक आक्षेप मात्र नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. आयआयटीत मेटलर्जी घेतलेली कितीतरी मुलं शेवटी सॉफ्टवेअरच्या नाहीतर बँकेच्या नोकरीत जातात. मग विषयात दम काय? याचं कारण प्रवेशाच्या पद्धतीत आहे. वरच्या क्रमांकाला कंप्युटर मिळतं, उरलेल्यांना जे मिळेल ते. मेटलर्जी हवी म्हणून घेणारे त्या वर्गात थोडेच असतात. जो नाइलाजाने येतो तो संधी मिळताच निघून जातो. एम.एस्सी.नंतर, फिजिक्स-केमिस्ट्री पचवून, ठरवून या विषयात आलेल्या मुलांचं तसं होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून गोव्याने बी.टेक.च्या मागे न लागता पदव्युत्तर पातळीवर सुरुवात करावी असं मला वाटतं.

इथे मनोहर पर्रीकरांची आठवण होते. "आयआयटीत शिकलेले मुख्यमंत्री" असा त्यांचा उल्लेख गोव्यात सतत होतो. 1978 साली आयआयटी मुंबईतून त्यांनी पदवी घेतली ती मेटलर्जीची, हे विद्यार्थ्यांना विचारलं तर बहुतेकांना ठाऊक नसतं. आणि माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर पॉलिमरच्या शास्त्रात मोठे झाले. या मातीतून ही माणसं निघाली, पण तो विषय इथे रुजला नाही.

रुजायला हवा होता, कारण लोखंड आपल्या पायाखाली होतं. 2010-11 साली गोव्यातून 5 कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं, बहुतेक चीनला. कमी प्रतीचा, भुकटीसारखा माल, पण तेव्हा त्यालाही गिऱ्हाईक होतं. 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, पुढे सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा थांबल्या. या सगळ्या गदारोळात आपण ट्रक, बार्ज, लीज, रॉयल्टी यांवर बोललो. डिचोली-सांग्यात टाकाऊ मालाचे जे डोंगर उभे आहेत, त्यांत पूर्वीच्या गिऱ्हाइकाला नको असलेलं लोखंड आजही पडून आहे. ते वेगळं कसं काढायचं, उरलेल्या गाळाचं काय करायचं, हे पदार्थांच्या अभ्यासाचे प्रश्न आहेत. ते सोडवणारी माणसं आपण तयार केली नाहीत. आमोण्याला पिग आयर्नचा कारखाना आहे, म्हणजे खनिजाचं लोखंड करण्याचं काम या भूमीवर होतंच. तरीही आपल्या मुलांना बीड आणि पोलाद यांतला फरक बारावीच्या पुस्तकातल्या दोन ओळींपलीकडे कळत नाही. दशकांमागून दशकं आपण माल कच्चा पाठवला, आणि बी.एस्सी. झालेली मुलंही तशीच कच्ची पाठवत आलो. त्यांच्यावरची पुढची प्रक्रिया, आणि तिचा मोबदला, दुसऱ्या राज्यांच्या वाट्याला गेला.

गोव्यात या विषयाच्या नोकऱ्याच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी औद्योगिक वसाहतींतून एक फेरी मारावी. वास्कोला गोवा शिपयार्ड आहे. तिथे युद्धनौका बांधल्या जातात, आणि युद्धनौकेचं पोलाद हा फार मोठा विषय आहे. विक्रांत ही विमानवाहू नौका बांधताना बाहेरून पोलाद मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा डीएमआरएल आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून डीएमआर 249ए हे पोलाद देशातच तयार केलं. जहाजाच्या पत्र्याने नुसतं मजबूत असून भागत नाही. ते जोडता आलं पाहिजे, जोडावर तडकता कामा नये, थंड पाण्यातही चिवट राहिलं पाहिजे. या जोडांची तपासणी करणारे, क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी आतली भेग शोधणारे लोक शिपयार्डला रोज लागतात. मांडवी-झुआरीच्या काठच्या खासगी शिपयार्डांनाही लागतात. जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनाही लागतात. पिळर्णला काँपोझिटचा, म्हणजे धागे आणि राळ मिळून केलेल्या पदार्थांचा, कारखाना आहे, तिथे रेल्वेच्या डब्यांचे आणि विमानांचे भाग बनतात. उसगावला टायर बनतात, आणि रबरात काजळी किती, गंधक किती, किती वेळ शिजवायचं, हे सगळं याच शास्त्रात येतं.

आणि औषधं. वेर्ण्यापासून कुंडईपर्यंत औषधांचे कारखाने आहेत आणि आपली कितीतरी मुलं-मुली तिथे पॅकिंगपासून क्वालिटी कंट्रोलपर्यंत राबतात. गोळी हा एक घन पदार्थ आहे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. एकाच औषधाचे रेणू दोन वेगळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात, आणि रचना बदलली की ते पोटात विरघळण्याचा वेग बदलतो. एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधाचं 1998 साली हेच झालं. बाजारात असलेल्या कॅप्सूलमध्ये स्फटिकाचं एक नवं, जास्त स्थिर आणि कमी विरघळणारं रूप अचानक उगवलं. ते कारखान्यात शिरलं आणि जुनं रूप करणंच अवघड होऊन बसलं. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, सूत्र तेच, शुद्धताही तीच. फरक होता तो रचनेत, आणि तो दिसतो एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या, आलेखावर, एखादं टोक थोडं सरकलेलं किंवा नवं टोक उगवलेलं म्हणून. आमच्या बी.एस्सी.च्या मुलांना त्यामागचा ब्रॅगचा नियम पाठ असतो. तो आलेख समोर ठेवून "या बॅचमध्ये दुसरं रूप मिसळलंय" असं सांगण्याची तयारी त्यांची झालेली नसते. ती झाली तर पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभी असलेली मुलगी प्रयोगशाळेत बसेल. नोकरी त्याच कारखान्यात, पण काम वेगळं आणि पगारही वेगळा.

आपल्या जुन्या घरांकडे पाहिलं तरी हा विषय किती जवळचा आहे ते कळतं. पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी पापुद्रे बसवलेले असतात. ऊन गाळून आत येतं, झळ लागत नाही, आणि शे-दीडशे वर्षांचे पावसाळे खाऊनही ते टिकलेले दिसतात. हा शिंपला वजनाने जवळजवळ 99 टक्के कॅल्साइट असतो, म्हणजे मूळचा खडूसारखा ठिसूळ पदार्थ. 2014 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्याला टोकदार हिऱ्याने दाबून पाहिलं, तेव्हा साध्या कॅल्साइटच्या मानाने तो सुमारे दहापट ऊर्जा पचवतो असं आढळलं. दाब पडला की त्याच्या पातळ थरांतले स्फटिक अत्यंत सूक्ष्म पातळीवर आरशातल्या प्रतिमेसारखे वळतात, आणि इजा तेवढ्याच जागी अडून राहते. पारदर्शक चिलखत करण्याच्या दृष्टीने त्यांना त्यात रस होता. चिखलीच्या खाडीत हे शिंपले जिवंत सापडतात. लोटलीतल्या, चांदरच्या घरांत ते खिडक्यांना आहेत. आपल्या कुठल्याही शाळेतल्या मुलाला हा पापुद्रा हातात घेऊन उजेडाकडे धरता येतो. त्याच्या आत काय आहे हे सांगणारं मात्र त्याला गावात कोणी भेटत नाही.

"मोजक्या मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला, त्यांना शिष्यवृत्ती देऊन बाहेर पाठवा" असाही एक मतप्रवाह आहे. स्वस्त पडेल, हे खरं. पण आपले प्रश्न बाहेर सुटत नाहीत. सुरतकलला किनारा आहे, पुण्याला नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेत पोलाद मिठाच्या फवाऱ्यात काही आठवडे ठेवून जो आकडा मिळतो, तो मुरगावच्या पावसाळ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे चार महिने धो धो पाऊस मीठ धुऊन नेतो, मग आठ महिने ते साचत राहतं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं, हे चक्र गंजाला सर्वांत मानवतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात गंजाचा जगाला बसणारा भुर्दंड एकूण उत्पन्नाच्या 3.4 टक्के काढला होता. मांडवीवर 2019 ला अटल सेतू झाला, झुआरीवर 2022 च्या डिसेंबरात नव्या पुलाचा पहिला भाग खुला झाला. दोन्ही पूल केबलच्या आधाराने खाऱ्या खाडीवर उभे आहेत. पुढची शंभर वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसं कुठून आणायची हे आज ठरवावं लागेल.

दुसरी एक गोष्ट मी जरा स्पष्ट बोलतो. विद्यापीठांत गेली वीस वर्षं "नॅनो"ची लाट आहे. अमुक ऑक्साइडचे नॅनोकण केले, आलेख काढले, शोधनिबंध छापला, पुढचा ऑक्साइड घेतला. त्यात चांगलं कामही आहे. गोवा विद्यापीठात फेराइट या चुंबकीय पदार्थांवर आणि आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूंवर वर्षानुवर्षं कसून काम झालंय, त्याबद्दल मला आदर आहे. पण अशा नुसत्या नॅनोकणांवर पीएच.डी. केलेला मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात गेला की मुलाखतीत अडखळतो, कारण तुटलेला बोल्ट हातात देऊन "हा का तुटला?" असं त्याला कधीच कुणी विचारलेलं नसतं. तुटलेल्या पृष्ठभागावर थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा पडलेल्या ताणाच्या, रेषा असतात, किनाऱ्यावर लाटांनी सोडलेल्या खुणांसारख्या. त्या वाचता आल्या तर भेग कुठून सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. हे शिकवायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. चांगली भिंगं, पॉलिश करायची चकती, साधा सूक्ष्मदर्शक आणि मोडक्या सामानाची एक खोली पुरते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, दोन वर्षांचा मटेरियल सायन्सचा एम.एस्सी. अभ्यासक्रम, वीस जागांचा. फर्मागुडीची आयआयटी आणि कुंकळ्ळीची एनआयटी यांच्या प्राध्यापकांनी त्यात शिकवावं. दोनापावलच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, सागरी गंजावर आणि जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या जीवांवर काम झालेलं आहे, ती विद्या वर्गात यावी. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मूळ विषय शिकावा. दुसऱ्या वर्षी तीनच वाटा असाव्यात: खारी हवा आणि पोलाद, औषधांचे घन पदार्थ, काँपोझिट. शेवटचे सहा महिने प्रत्येकाने शिपयार्डमध्ये, औषधाच्या कारखान्यात किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यात काढावेत आणि तिथल्याच एका खऱ्या बिघाडावर प्रबंध लिहावा. त्या वीस मुलांना मराठी-कोंकणीतून फोरमनशी बोलता येईल, हा लाभही लहान नाही.

पहिल्या तुकडीपासून एक काम सुरू करता येईल. पोलादाच्या, ॲल्युमिनियमच्या, जस्त चढवलेल्या पत्र्याच्या वजन केलेल्या पट्ट्या चार ठिकाणी चौकटीवर लावायच्या: मुरगाव, दोनापावल, शापोरा आणि तुलनेला आत वाळपई. दर पावसाळ्याआधी आणि नंतर काही पट्ट्या उतरवायच्या, गंज काढून पुन्हा वजन करायचं, आकडे सगळ्यांना खुले ठेवायचे. बांधकाम खात्याला, वीज खात्याला, मच्छीमारांच्या बोटी बांधणाऱ्यांना ते उपयोगी पडतील. वजनाला तराजू विद्यापीठात आहे. एक्स-रेचं यंत्र आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक याच पठाराच्या आसपासच्या संस्थांत आहेत. ती आठवड्यातून दोन दिवस या मुलांना मोकळी करायची, एवढा करार संस्थांनी आपसांत केला, तर नव्या इमारतीची वाट न पाहता येत्या जूनला वर्ग भरू शकतो.